पडला की पाडला?

‘गर्भपात’ हा शब्द आपल्या दोन्ही भाषांत एकच. मराठीत तोच, कन्नडातही तोच, आणि दोन्हीकडे बायका तो कुजबुजूनच उच्चारतात. त्यात आणखी एक गोम आहे. गर्भ आपोआप पडला तरी गर्भपात आणि पाडला तरी गर्भपातच. त्यामुळे अंगावरून जाणारी बाई दवाखान्यात आली, की पुष्कळदा पहिला प्रश्न तिच्या प्रकृतीचा नसतो; ‘पडला की पाडला?’ हा असतो.

हा प्रश्न मी प्रथम ऐकला तो हैदराबादेत, तारनाक्याला. 2016 च्या उन्हाळ्यात उस्मानिया विद्यापीठात उजळणी वर्गासाठी तीन आठवडे गेले होते. विद्यापीठाला लागूनच तारनाका, तिथे मावशीकडे मुक्काम. तिच्याकडे धुण्याभांड्याला येणारी बाई बीदरकडची. माझ्याशी कन्नड, मावशीशी मराठी आणि बाजारात तेलुगू बोलायची. पदरात दोन मुले. पुन्हा दिवस गेले तेव्हा नवऱ्याने औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून दिल्या आणि तो कामासाठी सोलापूरला निघून गेला. चौथ्या दिवशी ती आली ती भिंत धरधरून, ओठ पांढरेफटक. “अक्का, निल्तिल्ल,” एवढेच म्हणाली. थांबत नाही.

रिक्षाने जवळच्या एका खासगी दवाखान्यात गेलो. तिथे तो प्रश्न झाला, आणि वर ‘नवऱ्याची सही लागेल’ म्हणून बाकावर बसवून ठेवले. पाऊण तास! शेवटी मावशीने आवाज चढवला आणि आम्ही सरकारी रुग्णालय गाठले. हिमोग्लोबिन साडेपाच. दोन बाटल्या रक्त चढवावे लागले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गर्भाशयात राहिलेला भाग हाताने ओढायच्या, मोठ्या पिचकारीसारख्या साधनाने काढला. त्याला वीज लागत नाही, पूर्वीसारखे खरवडणेही नाही. दहा-पंधरा मिनिटांचे काम. त्यांनी काय झाले ते विचारले, पण औषध ठरवण्यापुरते. कारण आपोआप अर्धवट पडलेला असो की गोळ्यांनी, उपचार तोच आहे. मग त्या बाकावरच्या पाऊण तासाने कोणाचे काय साधले?

तारनाक्याचा आणि या दुखण्याचा आणखी एक संबंध आहे. राष्ट्रीय पोषण संस्था तिथेच आहे. 1918 मध्ये कुन्नूरला सुरू झालेली ही संस्था 1958 मध्ये हैदराबादला आली, आणि बायकांच्या अंगातले रक्त का कमी होते यावर तिथे कित्येक दशके संशोधन चालले आहे. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. धडधाकट बाई जेवढा रक्तस्राव सोसून जाते, तेवढ्यात ही बाई कोसळते. हाताशी वेळच कमी असतो, आणि तोच आपण चौकशीत घालवतो.

कायदा तरी असे सांगतो का? मुळीच नाही. 1971 च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने गर्भपातालासुद्धा सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही त्यात कुठेच नाही. आणि अर्धवट गर्भपाताचा रक्तस्राव थांबवणे म्हणजे तर नवा गर्भपात करणेही नव्हे, तो तातडीचा उपचार.

भीती कुठून आली हे आपल्या भागात सांगायला नको. 2017 मध्ये मिरजेजवळ म्हैसाळला एका विवाहितेचा मृत्यू झाला आणि पुरलेले 19 भ्रूण सापडले. ते लिंगनिदान करून गर्भ पाडण्याचे प्रकरण होते. लिंगनिदानाला बंदी आहे ती 1994 च्या वेगळ्या कायद्याने, आणि ती हवीच. पण लोकांच्या मनात दोन्ही कायद्यांची गल्लत झाली आहे. भल्या घरची माणसेही ‘पोलिसांचे लफडे नको’ म्हणून रक्ताने भिजलेली सून रात्रभर घरी ठेवतात.

मी डॉक्टर नव्हे, वर्गात भाषा शिकवते. पण त्या डॉक्टरीणबाईंनी जे बजावले ते लेकी-सुनांना सांगण्यासारखे आहे. लागोपाठ दोन तास, तासाला दोन पॅड पूर्ण भिजत असतील, घेरी येत असेल, ताप उतरत नसेल, स्रावाला घाण वास येत असेल किंवा पोटातली कळ थांबत नसेल, तर सकाळची वाट पाहायची नाही. दुसरे असे, की गर्भपातानंतर पाळी येण्याची वाट न पाहता दोनच आठवड्यांत पुन्हा दिवस राहू शकतात. म्हणून कुटुंबनियोजनाचे साधन दवाखान्यातून निघण्यापूर्वीच विचारून घ्यायचे. आमच्या बाईने तांबी बसवून घेतली आणि लोहाच्या गोळ्यांची पुडी कनवटीला लावली.

गाडी मिळत नसेल तर 108. ही सेवा 2005 मध्ये हैदराबादेतूनच सुरू झाली. आता कर्नाटकात आणि महाराष्ट्रातही आहे. सीमेच्या अलीकडे-पलीकडे नंबर एकच, आणि पैसे पडत नाहीत. फोनवर ‘बाईला रक्तस्राव होतोय’ एवढे सांगितले की पुरते.