मागच्या पानांवरून

दोनशे पानी वही. पुढून कायद्याच्या नोट्स, मागून ही टिपणं. नर्सिंगला होते तेव्हाही अशीच वही करायचे. मागच्या पानांवर तेव्हा महिन्याचा हिशेब असायचा.

*

रात्री आठ ते सकाळी आठ ड्यूटी. रिपोर्ट द्यायचा, तोंडावर पाणी मारायचं आणि नऊच्या तासाला कॉलेज गाठायचं. सत्तर टक्के हजेरी हा बार कौन्सिलचाच नियम, त्यामुळे नाईट संपली म्हणून तास बुडवता येत नाही. माझं वय ४३. वर्गातली बहुतेक मुलं माझ्या मुलीहून चार-पाच वर्षांनी मोठी. पहिले काही दिवस ती मला 'मॅडम' म्हणायची, आता 'ताई' म्हणतात. वॉर्डात सिस्टर, वर्गात ताई. हाक तीच आहे, म्हणून दोन्हीकडं घरच्यासारखं वाटतं.

*

आज एक शब्द नव्यानं भेटला: तपास. आपल्याच बाजूच्या साक्षीदाराला विचारायचं तो सरतपास, समोरच्या वकिलानं विचारायचं तो उलटतपास, आणि उलटतपासात काही गुंता झाला तर तो सोडवायला फेरतपास. सरतपासात सूचक प्रश्न विचारायचा नाही, म्हणजे उत्तर प्रश्नातच भरून द्यायचं नाही.

डॉक्टरही तपासतातच. नोकरीच्या पहिल्या वर्षी आमच्या इन्चार्ज सिस्टरांनी शिकवलं होतं: "इथं दुखतंय ना, असं विचारू नकोस. कुठं दुखतंय, असं विचार." घाबरलेला माणूस पहिल्या प्रश्नाला 'हो' म्हणून मोकळा होतो. सिस्टरांनी साक्षीपुराव्याचं पुस्तक कधी उघडलं नसेल. त्यातला एक नियम मात्र त्यांनी मला खाटेशी उभं करून शिकवला.

*

खुशाल राव विरुद्ध मुंबई राज्य. घटना १९५६ सालची, नागपुरातली. जखमी माणसाला रुग्णालयात आणलं तेव्हा डॉक्टरांनी त्याला विचारलं, कुणी मारलं. त्यानं सांगितलं ते त्यांनी केसपेपरवर लिहून ठेवलं. पोलीस आणि दंडाधिकारी त्यानंतर आले. सर्वोच्च न्यायालयानं १९५७ साली निकाल दिला: मृत्युपूर्व जबाब खरा आणि विश्वास ठेवण्याजोगा वाटला, तर दुसऱ्या पुराव्याची जोड नसतानाही त्यावर शिक्षा देता येते.

मी तास संपेपर्यंत 'केसपेपर' या एका शब्दावर अडकले होते. १९ वर्षं मी हे कागद भरतेय. गठ्ठे बांधलेत, रेकॉर्ड रूमला पाठवलेत. त्यातला एखादा कागद कुणाच्या जन्मठेपेपर्यंत किंवा सुटकेपर्यंत जाऊ शकतो, हे कळायला मला बाकावर येऊन बसावं लागलं.

*

शुद्ध आणि भान. आपल्या भाषेत हे दोन वेगळे शब्द आहेत.

लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य, २००२, पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ. प्रश्न होता तो डॉक्टरांच्या दाखल्याचा. रुग्ण जबाब देण्याच्या मनःस्थितीत आहे असा दाखला नसेल, तर जबाब बाद करायचा का? न्यायालयानं सांगितलं की दाखला ही खबरदारी आहे. जबाब घेणाऱ्याची स्वतःची खात्री पटली असेल, तर केवळ दाखला नाही म्हणून जबाब बाद होत नाही. त्याआधीच्या एका निकालात, डॉक्टरांनी रुग्ण शुद्धीवर आहे एवढंच लिहिलं म्हणून ते अपुरं ठरवलं होतं.

जळीत वॉर्डात काम केलेल्या कुणालाही हा फरक लगेच कळेल. वेदनेचं इंजेक्शन दिलेली बाई डोळे उघडे ठेवून पडलेली असते, नाव विचारलं तर सांगते, पण ती भानावर असेलच असं नाही. उलट एखादी डोळे मिटून निपचित असते आणि दाराबाहेर सासरची माणसं काय बोलतात ते शब्दन् शब्द ऐकत असते.

*

हे पान लिहायला बरेच दिवस घेतले.

नोकरीचं सहावं-सातवं वर्ष. नाईट होती. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, अर्ध्याहून जास्त भाजलेली. ओठांना ओला कापूस लावत होते तेव्हा ती म्हणाली, "सिस्टर, स्टोव्ह भडकला नव्हता." पुढं काही बोलली नाही. सकाळी रिपोर्ट देताना मी ते तोंडी सांगितलं. लिहिलं नाही. ताप, नाडी, सलाईन किती गेलं, लघवी किती झाली, एवढं नर्सनं लिहायचं. रुग्णाचं बोलणं लिहायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. दुपारी तिचा जबाब झाला. त्यात स्टोव्हचा भडका होता. तिसऱ्या दिवशी ती गेली. मला कुणी काही विचारलं नाही, आणि आपण होऊन सांगता येतं हे मला ठाऊक नव्हतं.

भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २६ वाचलं त्या दिवशी सुट्टी होती, तरी झोपले नाही. माणूस आपल्या मरणाचं कारण सांगून गेला, तर ते बोलणं पुराव्यात घेता येतं. ते दंडाधिकाऱ्यापुढंच झालेलं असलं पाहिजे असं नाही. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात बोलणाऱ्याला मरण अटळ आहे याची जाणीव असावी लागे; आपल्याकडं तीही अट नाही. म्हणजे त्या रात्री ते बोलणं पुरावा म्हणूनच माझ्या हातात पडलं होतं.

या वयात कायदा कशाला, असं नातेवाईक विचारतात. मी 'आवड आहे' म्हणते. खरं उत्तर या पानावर आहे.

*

१ जुलै २०२४ पासून आकडे बदलले. दंड संहितेची ५११ कलमं गेली, न्याय संहितेची ३५८ आली. वर्गातली मुलं खून म्हटलं की १०३ म्हणतात, कोर्टातले ज्येष्ठ वकील अजून ३०२. मला दोन्ही पाठ करावं लागतं, कारण घटना त्या तारखेच्या आधीची असेल तर जुनंच कलम लागतं. फसवणूक ३१८ मध्ये गेली, तरी मंडईत लबाड माणूस चारशेवीसच राहणार.

वॉर्डाबाहेर परवा एका मुलीच्या वडलांनी विचारलं, "सिस्टर, चारशे अठ्ठ्याण्णव टाकावं काय ओ?" सासरच्या छळाचं ते कलम आता ८५ झालंय, असं सांगणार होते, पण त्यांना आकडा नको होता. केस टाकल्यावर पोरगी राहणार कुठं, हे विचारायचं होतं. त्याचं उत्तर घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात आहे. कलम १७ प्रमाणे घर सासऱ्यांच्या नावावर असो की नवऱ्याच्या, ज्या घरात ती संसार करत होती तिथं राहण्याचा तिला हक्क आहे. मी तेवढं सांगितलं, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं वकील मोफत मिळतो हेही सांगितलं. ते दोनदा म्हणाले, "राहण्याचा हक्क. लिहून द्या." केसपेपरच्या मागं लिहिता येत नाही, म्हणून या वहीतलं पान फाडून दिलं.

*

अरुणा शानबाग यांचा निकाल वाचायला घेतला. वर्गात तो निष्क्रिय दयामरणासाठी शिकवतात: ७ मार्च २०११, जगवण्याचे उपचार थांबवायचे असतील तर उच्च न्यायालयाची परवानगी हवी हा तेव्हाचा नियम (२०१८ मध्ये तो बदलला), वगैरे. मी तो नर्स म्हणून वाचला.

अरुणा मुंबईच्या केईएम रुग्णालयात नर्स होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथंच त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. हल्लेखोराला खुनाचा प्रयत्न आणि लुटीसाठी सात वर्षांची शिक्षा झाली. त्या १८ मे २०१५ पर्यंत त्याच रुग्णालयात होत्या. नर्सेसच्या पिढ्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या, आणि प्रत्येक पिढीनं त्यांना भरवलं, कुशीवर वळवलं. इतक्या वर्षांत बेडसोर नाही. कुशीवर न वळवता काही तास गेले तरी कातडी लाल होते, हे ज्याला माहीत आहे त्यालाच कळेल ते किती मोठं काम होतं.

न्यायालयापुढं प्रश्न होता की अरुणाच्या वतीनं बोलण्याचा अधिकार कुणाचा. न्यायालय म्हणालं, त्यांना सांभाळणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा. रोज हात लावणाऱ्याला बोलण्याचा हक्क, असं मी समासात लिहिलं.

*

जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला मुलीची बारावी, दुसऱ्या बाजूला माझं सेमिस्टर. सासूबाई मधे चहाचे दोन कप ठेवून जातात. काल त्यांनी विचारलं, "वकील झालीस की दवाखाना सोडणार?" पगारी नोकरीत राहून सनद घेता येत नाही, म्हणजे सोडावाच लागेल. २० वर्षं भरली की स्वेच्छानिवृत्ती मागता येते. सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मग तिथल्या पोरींना शिकवून जा काय ते."

*

मुदतीचा कायदा, १९६३, कलम ५. अपील उशिरा दाखल झालं तरी 'पुरेसं कारण' दाखवलं तर न्यायालय विलंब माफ करू शकतं. कतीजी खटल्याच्या १९८७ च्या निकालात सरकारी अपील चार दिवस उशिरा आलं होतं. न्यायालयानं ते घेतलं आणि म्हटलं, प्रत्येक दिवसाचा हिशेब मागायचा याचा अर्थ आडमुठेपणा करायचा असा होत नाही.

कॉर्नेलिया सोराबजी आपल्या नाशिकला जन्मल्या. १८९२ साली ऑक्सफर्डला त्यांनी कायद्याची परीक्षा दिली. बाईला पदवी देत नव्हते, म्हणून पदवी हातात पडली १९२२ मध्ये, ५५ व्या वर्षी. भारतात बायकांना वकिलीचं दार कायद्यानं उघडलं ते १९२३ साली. तीस वर्षांचा हा विलंब त्यांच्या खात्यावर कसा लिहायचा? त्या वेळेवर आल्या होत्या. दार उशिरा उघडलं.

माझा उशीर तसा नाही. तो मला माझ्याच नावावर लिहावा लागतो.

*

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, भाऊसिंगजी रोडवरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत. वॉर्डातले शाहूवाडीचे एक आजोबा सांगत होते, जमिनीच्या अपिलासाठी रात्रीच्या एसटीनं मुंबईला जायचे, तारीख पडली की त्याच रात्री परत. "आता पाहुण्याकडं जेवून कोर्टात जाता येतंय बघा," म्हणाले. त्यांच्या उशाशी पिशवीत केसपेपर आणि निकालाची नक्कल एकत्र ठेवलेली होती.

*

काल रात्री नवी आलेली सिस्टर माझ्याबरोबर होती. विष घेतलेला पेशंट, एमएलसी म्हणजे पोलीस केस म्हणून नोंद झालेली. दोन वाजून चाळीस मिनिटांनी तो तिच्याशी काहीतरी बोलला. ती माझ्याकडं आली, "ताई, डॉक्टरांना सांगून येऊ?"

"सांग. पण आधी लिही."

"काय लिहू?"

"वेळ लिही. तू काय विचारलंस ते लिही. तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिही, सुधारू नकोस. आणि खाली सही कर."

तिनं लिहिलं. मी वाचलं. एका ठिकाणी तिनं त्याच्या बोलीतला शब्द पुसून पुस्तकी शब्द घातला होता. मी त्यावर बोट ठेवलं. तिनं पुस्तकी शब्दावर एक रेघ मारली, शेजारी त्याचा शब्द लिहिला, तिथंही सही केली आणि फोनकडं धावली.