पहाटेचा सायकलस्वार

पहाटे फिरावयास निघालो की, कात्रजच्या घाटातून उतरणारा माझा एक जुना विद्यार्थी हटकून भेटे. तो एका कचेरीत कारकून होता. मुंबई-पुणे सायकल शर्यत जवळ आली की, चारला उठून घाट चढावयाचा, सातच्या आत घरी येऊन अंथरुणास खिळलेल्या वडिलांना स्नान घालावयाचे आणि मग कचेरी गाठावयाची, हा त्याचा नेम.

एके वर्षी ऐन शर्यतीच्या दिवशी तो मला औषधांच्या दुकानात दिसला. वडिलांचा दमा रात्री बळावला होता.

“वर्षभराची मेहनत वाया गेली रे!” मी हळहळलो.

“सर, बोरघाट कुठे जात नाही. पुढल्या वर्षीही तो तिथंच असेल,” तो म्हणाला. वडिलांविषयी मात्र काही बोलला नाही.

पुढल्या वर्षी तो शर्यतीत उतरला. ‘घाटाचा राजा’ हा किताब दुसऱ्याच कोणास मिळाला. याचा क्रमांक बराच मागे लागला. पुण्यास पोचताच मी त्याला थांबविले, तेव्हा घाम पुशीत तो म्हणाला, “येतो सर, बाबांची जेवणाची वेळ झाली.” आणि तसाच सायकलवरून घराकडे वळला.

आयुष्यभर मी मुलांना वक्तशीरपणा शिकविला. त्याचा खरा अर्थ त्या दिवशी मला एका विद्यार्थ्याने शिकविला.