वाकडा मुकुट

प्रिय मामा,

तुझे फोटो मिळाले. पागोळीचा थेंब पिंपात पडतो तो क्षण तू छान पकडलायस. पण "शिंतोड्याचा मुकुट वाकडाच येतो, मोबाइल टाकाऊ आहे" ही तक्रार मला मान्य नाही. मोबाइलला बोल लावू नकोस. थेंब फुटतो तोच असा.

आर्थर वर्दिंग्टन नावाचा इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ होता, नौदलाच्या डेव्हनपोर्टच्या अभियांत्रिकी कॉलेजात शिकवायचा. १८७०च्या दशकात त्याला शिंतोड्यांचा नाद लागला. अंधाऱ्या खोलीत तो दुधाचा नाहीतर पाऱ्याचा थेंब सोडायचा आणि ठरलेल्या क्षणी विजेची ठिणगी पाडायचा. त्या लखलखाटात दिसलेलं डोळ्यांसमोरून पुसलं जायच्या आत कागदावर उतरवायचं, मग पुढच्या थेंबाला ठिणगी किंचित उशिरा. असं करत त्याने एका शिंतोड्याची सगळी चित्रमालिका तयार केली. थेंब चपटा होतो, काठ वर उचलला जातो, काठाला टोकं फुटतात, टोकांवरून बारीक थेंब सुटतात. सगळं कसं रेखीव, चहूबाजूंनी सारखं.

१८९४मध्ये त्याला शिंतोड्यांचे फोटो काढणं जमलं आणि सगळा डोलारा कोसळला. एक बाजू उंच, दुसरी बसकी. टोकं कुठे दाट, कुठे विरळ. जुनी चित्रं पुन्हा चाळली, तर वेडेवाकडे शिंतोडे त्याने तेव्हाही काढलेले होते! फक्त ते 'बिघडलेले' समजून बाजूला टाकले होते. चांगला शिंतोडा कसा असतो हे त्याने मनाशी आधीच ठरवून टाकलं होतं. "दिसतं ते काढा, माहीत आहे ते नको," असं तू चित्रकलेच्या वर्गात ओरडायचास ना? याला ते कुणी सांगितलं नसावं. पण गड्याने हे सगळं जाहीरपणे कबूल केलं, याचं मला फार कौतुक वाटतं. आम्हा संशोधकांत ते सोपं नाही.

गंमत पुढे आहे. अमेरिकेत एमआयटीमधल्या हॅरल्ड एजर्टनने स्ट्रोबचा झगझगाट वापरून दुधाच्या थेंबाचे फोटो काढले. १९३०च्या दशकापासून तो या थेंबाच्या मागे होता. १९५७चा लाल पार्श्वभूमीवरचा मुकुट तूही कुठेतरी पाहिला असशील. तो जवळजवळ निर्दोष आहे, कारण तो निवडलेला आहे. वर्दिंग्टनने जो रेखीवपणा हद्दपार केला, तो याने कॅमेऱ्याच्याच हातून परत आणला. कॅमेरा खोटं बोलत नाही म्हणतात; निवडणारा बोलतो की.

त्यापेक्षा मला चित्रकार डेव्हिड हॉकनी प्रामाणिक वाटतो. त्याचं १९६७चं 'अ बिगर स्प्लॅश' हे चित्र लंडनच्या टेटमध्ये आहे, जवळपास अडीच मीटर लांब-रुंद. कॅलिफोर्नियातलं ऊन, तरणतलाव, पिवळी फळी, आणि माणूस एकही नाही. उडी मारणारा आत गेलेला. आकाश आणि पाणी रोलरने सपाट रंगवलंय. मधला पांढरा उसळता शिंतोडा मात्र बारीक कुंचल्यांनी, रेघ रेघ ओढत. दोन सेकंदांच्या गोष्टीला सुमारे दोन आठवडे! तेही पोहण्याच्या तलावांवरच्या एका पुस्तकातला फोटो समोर ठेवून. हे रंगवलेलं आहे, हे तो कुठेच लपवत नाही.

आणि एक, मामीला नक्की सांग, तिला असलं आवडतं. २००५मध्ये शिकागो विद्यापीठातल्या लोकांनी कोरड्या गुळगुळीत काचेवर अल्कोहोलचे थेंब टाकले आणि भांड्यातली हवा काढत नेली. दाब पुरेसा उतरल्यावर थेंब नुसता पसरला, एक शिंतोडा उडाला नाही! म्हणजे उडवाउडवीत भोवतालच्या हवेचाही हात असतो. तुझ्या पिंपातली गोष्ट वेगळी, तिथे खाली पाणीच आहे. तेव्हा हवा काढायच्या भानगडीत पडू नकोस.

राहिलेले फोटोही पाठव, वाकडे आधी. गणपतीला येतेच आहे.

तुझी भाची