निर्गुडीचं तेल

निर्गुडी ओळखायला डोळ्यांपेक्षा नाक बरं. ओढ्याकाठी, बांधावर ती डोक्यावर गेलेली असते. एका देठाला पाच पानं, क्वचित तीन. वरून हिरवी, खालून पांढुरकी. फांदीच्या शेंड्याला निळसर-जांभळ्या बारीक फुलांचे तुरे. पण पान चुरगळलं की जो उग्र, कडसर वास बोटांना चिकटतो, त्यानंतर शंका उरत नाही. या वासामुळे गुरं तिला तोंड लावत नाहीत, म्हणून ती कुंपणाला लावतात. याच वासासाठी जुन्या बायका धान्याच्या कणगीत तिचा पाला घालत, आणि बाळंतिणीच्या अंघोळीचं पाणी पाला टाकूनच उकळत.

मी तिचं तेल करते. पाला कोवळा, त्याच दिवशी तोडलेला हवा. निर्गुडीचं पान रसाळ नाही. कितीही कुटा, रस हात राखूनच देतं. थोडं पाणी शिंपडून कुटायचं आणि जाड फडक्यातून पिळायचं. मनगटं भरून येतात. मिक्सरमध्ये काम लवकर होतं, पण पाला तापतो आणि वास तिथेच उडतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी अजून खलबत्ताच वापरते.

आयुर्वेदाच्या शार्ङ्गधरसंहितेतलं ढोबळ माप असं: कल्काच्या, म्हणजे वाटलेल्या पाल्याच्या गोळ्याच्या, चौपट तेल, तेलाच्या चौपट द्रव, म्हणजे इथे पिळलेला रस. तेल तिळाचंच. हे सगळं मंद आचेवर चढवलं की बराच वेळ नुसतं पाणी उडत असतं. तेव्हा फक्त तळ लागू द्यायचा नाही, ढवळत राहायचं. खरं काम शेवटी. आधी चिखलासारखा असलेला कल्क हळूहळू आवळतो, उलथन्याला चिकटेनासा होतो. चिमूटभर काढून बोटांत फिरवायचा. त्याची वात वळली पाहिजे. ती वात निखाऱ्यावर धरायची. चुरचुरली तर आत पाणी आहे. आवाज न करता पेटली, आणि कढईत तेलावर फेस आला, की उतरवायचं. इथे घाई केली तर राहिलेल्या पाण्याने तेल खवट होतं. उशीर केला तर कल्क करपतो आणि निर्गुडीच्या जागी जळका वास येतो. चोळायच्या तेलाला खरपाक, म्हणजे कल्क कडक होईपर्यंत शिजवणं, चालतो असं ग्रंथ सांगतात. मी मात्र मध्यम पाकावरच थांबते, कारण त्यात पाल्याचा वास टिकतो, आणि माझा त्या वासावर विश्वास आहे.

गाळलेलं तेल काळपट हिरवं दिसतं. बाजारातलं पोपटी, सुगंधी तेल बघून आलेल्या माणसाला ते पसंत पडत नाही. रंग घालून देणं मला कधीच जमणार नाही.

आषाढात आमच्या गावावरून पालखी जाते, तेव्हा मागणी सगळ्यात जास्त. पोटऱ्या धरलेल्या, घोटे दुखावलेले वारकरी ओसरीवर टेकतात. तेल कोमट करून खालून वर चोळायचं, मग तव्यावर गरम केलेला पाला सोसेल तसा वर बांधायचा. गुडघा लाल, गरम आणि सुजलेला असेल, अंगात ताप असेल, तर मी बाटलीला हात लावत नाही. त्या माणसाला आधी डॉक्टरांकडे पाठवते. तेल नंतर आहेच.