गादी आणि पाट

गाडी नवी असते तेव्हा घरातले सगळेच तिला पुसायला धावतात. चारपाच वर्षे गेली, की ते काम सोसायटीत गाड्या धुणाऱ्या पोराकडे जाते आणि त्याच्या मातकट फडक्याने बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे उमटू लागतात. सावलीत ते दिसत नाहीत. उन्हात मात्र लपत नाहीत.

बडोद्याच्या एका निवृत्त मराठी गृहस्थांच्या दारातली लाल मेटॅलिक गाडी अशीच झाली होती. मुलाने पहिल्या नोकरीच्या पैशांतून घेतलेली आणि परदेशी जाताना आईवडिलांवर सोपवलेली. तो दिवाळीला येणार असे कळल्यावर वडिलांनी ठरवले, गाडी घरीच पॉलिश करायची. फरशी कापण्यासाठी घेतलेला छोटा ग्राइंडर घरात होताच. बाजारातून त्यांनी लोकरीचे पॅड आणि त्याला मागून आधार देणारी कडक चकती, म्हणजे बॅकिंग प्लेट, आणली. आटे जुळले, चकती बसली. तेव्हा सगळेच जुळले असे त्यांना वाटले.

ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो. पॉलिशचे काम साधारण हजार ते दोन हजार फेऱ्यांचे. चांगल्या प्लेटच्या पाठीवर तिला किती फेरे सोसतील तो आकडा छापलेला असतो, पण औषधाच्या बाटलीवरचा मजकूर तरी कोण वाचतो! त्यात प्लेट आणि पॅड अगदी एकाच मापाचे. बॉनेटच्या उभ्या कंगोऱ्यावर यंत्र क्षणभर कलले आणि पांढरी लोकर लाल झाली.

गृहस्थांना त्याचे काहीच वाटले नाही. पूर्वी त्यांच्याकडे पद्मिनी होती. त्या काळच्या साध्या रंगावर वेगळा पारदर्शक थर नसे. पॉलिश केले की फडक्याला रंग लागायचाच. आजच्या मेटॅलिक गाडीत मात्र रंगाच्या वर पारदर्शक क्लियर कोट असतो. त्याची जाडी ४०-५० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही कमी. पॅडला रंग लागला याचा अर्थ तो थर संपला. कितीही पॉलिश केले तरी तो परत येत नाही. कंगोऱ्यावर बोटभर लांबीचा निस्तेज पट्टा राहिला तो राहिलाच.

पट्टा पाहून पत्नी काही बोलल्या नाहीत. पॅड उलटेपालटे करून त्यांनी एवढेच विचारले, "अहो, गादी पाटाएवढीच कशी? गादी चार बोटं बाहेर असली म्हणजे पाटाची कड लागत नाही."

चार बोटे नव्हे, पण मुद्दा तोच. प्लेट पॅडपेक्षा थोडी लहानच हवी. ५ इंची प्लेटवर साडेपाच इंची पॅड चांगले बसते, चारी बाजूंनी पाव इंच मऊ कड राहते आणि चुकून हात कलला तरी रंगाला पॅडच लागते, प्लेट नाही. फार लहान प्लेटही नको. मग जोर मध्येच पडतो आणि कडा नुसत्या फडफडतात. ठोकळ फोमचे प्रकरण आणखी निराळे. यंत्राची थरथर तो स्वतःच पिऊन टाकतो, रंगापर्यंत काम पोचतच नाही.

या वेळी गृहस्थ कमी-जास्त वेग करता येणारे, फिरता फिरता हेलकावणारे ड्युअल ॲक्शन यंत्र घेऊन आले. त्याच्यासाठी प्लेटही त्याच यंत्राची घ्यावी. आतले वजन त्या प्लेटच्या भाराशी तोललेले असते, भलतीच बसवली तर हाताला मुंग्या येतात. प्लेट आणि पॅड एकमेकांना धरतात ते व्हेलक्रोने. जॉर्ज द मेस्त्राल या स्विस इंजिनिअरला १९४१ साली कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या कुसळांवरून ही युक्ती सुचली. प्लेटवर बारीक आकडे, पॅडला फासे. पॅड फार तापले की हे आकडे वाकतात, मऊ पडतात आणि एक दिवस पॅड भिरभिरत अंगणात जाते. म्हणून दर भागानंतर पॅड निवू द्यावे, ब्रशने झाडावे. साहजिकच एकाच पॅडवर पूर्ण गाडी उरकत नाही, तीनचार तरी हवीत.

पॅडच्या रंगांवर भिस्त ठेवू नये. एका कंपनीचे नारिंगी म्हणजे मध्यम, दुसरीचे भलतेच काही. अंगठ्याने दाबून पाहावे आणि पाकिटावरचे वाचावे. लोकर आणि मायक्रोफायबर ओरखडे लवकर काढतात, पण स्वतःचा धूसरपणा मागे ठेवतात. त्यावर मऊ फोम फिरवावाच लागतो. सर्वांत मऊ पॅडने वीतभर जागेवर आधी करून पाहावे. तेवढ्याने भागले तर कडक पॅड पिशवीतून काढूच नये. दुकानदार याउलट सांगतो, कारण कडक पॅडचा फरक गिऱ्हाइकाला पाच मिनिटांत दिसतो.

दिवाळीच्या आदल्या रविवारी गृहस्थांनी प्लेटच्या कडेवर मार्करने काळी रेघ ओढली. असे यंत्र जास्त दाबले की ते नुसते थरथरते, पॅड फिरायचे थांबते, आणि रेघ असली म्हणजे ते लगेच कळते. पत्नी स्टूल घेऊन सावलीत बसल्या. जळक्या पट्ट्यावर आणि कंगोऱ्यावर त्यांनी चिकटपट्टी आधीच लावून ठेवली होती.

"फिरतेय का?" त्यांनी विचारले.

"रेघ दिसतेय?"

"दिसतेय. स्पष्ट."

"म्हणजे थांबलंय," असे म्हणून त्यांनी हातातला जोर कमी केला. रेघ पुसट होत होत नाहीशी झाली.