डाबचे गोठलेले दव

सातपुड्याच्या ऐन कुशीत, अक्कलकुवा तालुक्याच्या हद्दीत वसलेल्या डाब गावी ऐन हिवाळ्यातील निरभ्र रात्री कधीकधी दव गोठते, आणि आपल्या उष्ण मुलखात हे दृश्य पाहावयास मिळावे, याचे मला अद्याप अप्रूप वाटते. मेघांचे आच्छादन नसले की भूमीची उष्णता आकाशात निघून जाते, गवताचे पाते भोवतालच्या हवेहूनही थंड होते, आणि म्हणूनच हवेचे तापमान शून्याच्या किंचित वर असतानाही त्यावर हिम धरते.

आज पहाटे वाळलेल्या गवताच्या एका काडीपाशी गुडघे टेकून मॅक्रो लेन्समधून पाहिले, तेव्हा नुसत्या डोळ्यांना जो केवळ पांढरा थर भासला होता, त्यात काडीच्या लवेलवेवर उभे असलेले, सुयांसारखे सूक्ष्म स्फटिक दिसू लागले. इतक्या जवळून टिपताना सुस्पष्टतेचा पट्टा जेमतेम मिलिमीटरभर, कधी त्याहूनही कमी असतो. काडी किंचित हलली तरी चित्र पुसट होते, आणि उष्ण उच्छ्वास लागला तर विषयच वितळून जातो. अमेरिकेतील व्हरमाँटच्या विल्सन बेंटली या शेतकऱ्याने १८८५ साली सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचे छायाचित्र घेतले आणि पुढे आयुष्यभरात ५,००० हून अधिक कण टिपले. त्याच्या धैर्याची थोरवी मला येथे उमगली.

मात्र हेच हिम शेतातील कोवळे पीक करपवते, हे विसरून त्याचे कौतुक करणे मला रुचत नाही. म्हणून आजच्या चित्रांत करपलेल्या हरभऱ्याचे एक पानही, तितक्याच बारकाईने टिपलेले, मी मुद्दाम ठेवले आहे.