वडिलांची पिचकारी

आपल्याही घरी माळ्यावर एखादी पितळी पिचकारी पडून असेल. आमची, वडिलांच्या पश्चात, पुण्याहून आईच्या ट्रंकेतून दिल्लीला आली. कळकून हिरवी पडलेली, दट्ट्या नळीत घट्ट अडकलेला. होळीपूर्वी ती चालती करून देण्याचे मी मुलाला कबूल केले.

चिंच-मीठ लावून घासताच पितळ उजळले. नळीत खोबरेल सोडून रात्रभर ठेवले, तेव्हा कुठे दट्ट्या हलला. त्याच्या टोकाला काळेकुट्ट, चिवट असे काही चिकटले होते. ते सुरीने खरवडून टाकले आणि तेथे सायकलच्या पंपातील चामड्याची वाटी बसविली.

दिल्लीत रंग खेळतात तो धुळवडीला. त्या सकाळी शेजारची मुले रंगात न्हाऊन निघाली आणि आमची पिचकारी नुसती हवा ओढीत राहिली. कारण मला मागाहून उमगले. पंपातील वाटी दट्ट्या पुढे रेटताना फाकून नळीला घट्ट बसते. मागे ओढताना मात्र तिची कड मिटते व हवेला वाट मिळते. पंपाला तेच हवे असते. पिचकारीचा दट्ट्या दोन्ही वेळा घट्ट बसावा लागतो. तो ओढताना नळीत पोकळी झाली, तरच बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत चढवितो. शब्दाला शब्द ठेवण्याची चूक मी इतरांच्या अनुवादांत रोज दुरुस्त करते. येथे स्वतःच केली.

संध्याकाळी आईला दूरध्वनीवर सांगितले. ती म्हणाली, “अगं, त्यात चामडं कुठलं? हे सुताचे वेढे देऊन वर मेण चोळीत. तुझ्या लग्नाच्या वर्षी शेवटचं गुंडाळलं होतं.”

मी मळ समजून खरवडले ते हेच. केर केव्हाच गेला होता.

आपल्याकडील रंग फाल्गुन वद्य पंचमीचा; चार दिवस हाती होते. गोधडीचे जाड सूत आणले. वेढे थोडे झाले की पाणी गळे, जास्त झाले की दट्ट्या आत शिरेना. किती वेढे द्यावेत, असे आईला विचारले. “ते मोजताना कधी दिसले नाहीत,” एवढेच ती म्हणाली.

रंगपंचमीला वसाहतीत रंग खेळणारा आमचा मुलगा एकटाच. पहिली धार समोरच्या भिंतीवर गेली, दुसरी माझ्या अंगावर.

“आजोबांची एवढीच लांब जायची?” त्याने विचारले.

“ह्याहून लांब.”

मी वेढे मोजले होते, १९. दट्ट्या मागून अजून थोडा गळतो.